बोडी सापडली

संपादकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "उकेसाहेब, वाचकांचा देशाभिमान जागा होईल असं काहीतरी लिहा." मी म्हटलं, माझा जागाच आहे हो, त्याला झोप लागत नाही हीच तर पंचाईत आहे. ते मोठ्यानं हसले. मी विनोद केला नव्हता.

आधी माझं काम काय होतं ते सांगून टाकतो, कारण आमच्या गावात, नागऱ्यात, अर्ध्या लोकांना अजून वाटतं की उके फौजेत होता आणि उरलेल्यांना वाटतं की उके शिंपी होता. दोन्ही थोडं थोडं खरं आहे. संरक्षणाची सामग्री तयार करणारी एक संस्था होती, तिचं नाव लिहिणार नाही. तिथं मी छतरी बांधायचो. छतरी म्हणजे पॅराशूट. हपिसात इंग्रजी नाव चालायचं, पण टेबलावर काम करणारे आम्ही सगळे छतरीच म्हणायचो. माझा बाप शिलाई मशीन चालवायचा, मी आयटीआय करून त्या संस्थेत लागलो आणि पुन्हा मशीनवरच येऊन बसलो. फरक इतकाच की बापानं शिवलेला सदरा उसवला तर गिऱ्हाईक भांडायला यायचं, माझी छतरी उसवली तर विमान जमिनीत घुसायचं.

विमान म्हणजे तुम्ही समजता ते नव्हे. आत माणूस नसतो. बैलगाडीपेक्षा जरासं लांब, नारिंगी रंगाचं यंत्र. लोखंडी रुळावरून रॉकेटच्या धक्क्यानं ते सुटायचं आणि जमिनीवर बसलेली माणसं रेडिओनं त्याला फिरवायची. पाहणी करायला, नेमबाजीच्या सरावाला, पुढं आणखी कशाकशाला, हे साहेबलोक जाणोत. काम आटोपलं की हवेतच इंजीन बंद करायचं. मग पाठीवरचं झाकण उघडून छतरी बाहेर पडते आणि विमान तिला लटकून खाली येतं. मधेच रेडिओचा धागा तुटला तर ते आपलं आपणच इंजीन बंद करून छतरी उघडतं, अशी सोय केलेली होती. म्हणजे उडवणारे कितीही हुशार असोत, शेवटी सगळं येऊन थांबायचं माझ्या घडीवर.

छतरी बांधणं म्हणजे साडीची घडी घालणं नव्हे. हॉलभर लांब टेबल असतं. हातात अंगठी नको, नख वाढलेलं नको, तळव्याला घाम नको. कापड उजेडाकडे धरून वीतवीत पाहायचं, सुईच्या टोकाएवढं भोक दिसलं तरी बाजूला काढायचं. दोऱ्या एकीत एक गुंतल्या नाहीत ना, हे बोट फिरवून बघायचं, नुसत्या डोळ्यानं नाही. पावसाळ्यात कापड दमट होतं, ते उंच खोलीत टांगून वाळवायचं. घडी पुरी झाली की पिशवी शिवायची आणि पट्टीवर सही करायची. सही करणारा माणूस मग ते विमान खाली उतरेपर्यंत नीट जेवत नाही. मी तर चहासुद्धा घ्यायचो नाही.

आता अभिमानाचं सांगतो, नाहीतर संपादक नाराज व्हायचे. निन्याण्णव सालच्या आसपासचा तो काळ. आदल्याच वर्षी आपण अणुस्फोट केले होते, त्यावर बाहेरच्या देशांनी आपल्याला लहानसहान भाग देणंसुद्धा बंद केलं. तिकडं कारगिल पेटलं होतं आणि इकडं आमच्याकडं जायरो नव्हता. जायरो म्हणजे विमानाला आपण सरळ आहोत की तिरपे झालो हे सांगणारा भोवरा. पैसे मोजूनही मिळेना. मग आमच्याच पोरांनी तो बनवायला घेतला. किती विमानं त्यापायी आडवी झाली, त्याचा हिशेब नको. प्रत्येक वेळी माझी छतरी तुकडे का होईना, पण खाली आणायची आणि ते तुकडे पाहून पोरं पुन्हा कामाला लागायची. ज्या दिवशी आमच्या भोवऱ्यावर आमचं विमान सरळ गेलं, त्या दिवशी मोठे साहेब रडले. मीही रडलो. त्या दिवसातलं खोटं काहीच नव्हतं आणि त्याबद्दल कोणी वाकडं बोललं तर मी आजही भांडेन. तेव्हा सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द होता, महासत्ता. कँटीनचा आचारीसुद्धा वरणात मीठ जास्त पडलं की म्हणायचा, महासत्तेला एवढं चालतं.

मग उडवायला मोठी जागा हवी झाली. मोठ्या साहेबांनी नकाशा पसरला आणि आमच्या गोंदिया जिल्ह्यात, सालेकशाच्या वाटेवर जंगलाच्या कडेला एका मैदानावर बोट ठेवलं. नकाशात त्याच्या पुढं सगळं हिरवं होतं आणि त्यावर लिहिलं होतं, झुडपी जंगल. मी तिथंच उभा होतो. मी म्हटलं, साहेब, यात टोले आहेत. टोला म्हणजे गावापासून सुटलेली वस्ती, दहा-वीस घरं, धानाची शेतं, एखादी बोडी. साहेब म्हणाले, नकाशात नाहीत. मी म्हटलं, नकाशात नाहीत पण जमिनीवर आहेत. साहेब परप्रांतातले, माणूस हुशार, दिवसरात्र काम करणारा. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की जणू मीच रातोरात तिथं घरं बांधून आलो होतो.

मी इकडचा म्हणून माझी नेमणूक तिथल्या शोधपथकावर झाली. छतरी बांधायचीही मी आणि विमान पडलं की हुडकायचंही मी. जोडीला बिसेन नावाचा जीपचालक होता, तिरोड्याकडचा, पोवार समाजातला. चार भाषा बोलायचा आणि चारही भाषांत तक्रार करायचा. दिवाळी सरली, धान कापून झालं की आमचा हंगाम सुरू व्हायचा.

पहिल्याच हंगामात मी अर्ज केला की उड्डाणाच्या आदल्या दिवशी टोल्याटोल्यांत दवंडी द्या. कोतवाल आहे, तो हाळी देतो, लोक ऐकतात. एवढंच सांगायचं की उद्या सकाळी शेतात, रानात जाऊ नका. साहेब म्हणाले, हे गुप्त आहे. गुप्त! गोंदियाच्या स्टेशनबाहेरचा चहावाला मला विचारायचा, "क्या भैया, कल उड रहा क्या?" रॉकेट सुटलं की तीन गावांतल्या म्हशी दावं तोडून पळायच्या. सगळ्यांना माहीत होतं, फक्त ज्याच्या डोक्यावर येऊन पडणार त्याला सांगायची बंदी होती. इंजीन बंद झालं की छतरीवरचं विमान मुकाट्यानं येतं. आवाज नाही, काही नाही. म्हणूनच मी दवंडीसाठी इतका हट्टाला पेटलो होतो. तीन हंगाम मी तेच तोंडानं सांगत राहिलो आणि तीन हंगाम साहेबांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

तसे गमतीचेही प्रसंग झाले. एकदा विमान मिळालं पण छतरी गायब. आम्ही रान पालथं घातलं. चार दिवसांनी बिसेनला लग्नाचं आमंत्रण आलं म्हणून आम्ही जेवायला गेलो, तर मांडवात नवरदेवाच्या डोक्यावर माझी नारिंगी-पांढरी छतरी ताणून बांधलेली. काय शोभा आली होती म्हणून सांगू! वधूपित्यानं अभिमानानं सांगितलं की देवानं वरून टाकली. बिसेन म्हणाला, "जेवून घेऊ गा आधी, मंग जप्ती करू." आम्ही पंगतीत बसलो, अक्षता टाकल्या आणि पाठवणी झाल्यावर छतरी सोडवून आणली. तिला हळद लागली होती. हे सांगून मी बरीच वर्षं लोकांना हसवलं. आता जे सांगणार आहे त्यावरही लोक हसले, आणि अजून हसतात. मला त्याचाच राग आहे.

बोडी म्हणजे काय हे बाहेरच्या वाचकांना सांगायला हवं. आमच्याकडं मोठा तो तलाव आणि लहान ती बोडी. गुराढोरांना पाणी, धानाला पाणी, मासळी आणि थंडीत शिंगाडे. शिंगाड्याचा वेल पाण्यावर पसरतो, ढीवर, म्हणजे मासेमारी करणारी, बाया-माणसं कमरेएवढ्या पाण्यात उतरून तो उलटा करतात आणि खालची फळं तोडतात. हा शब्द आमच्याकडं भंडारा-गोंदियात लहान पोराला कळतो. तिकडं पुण्या-मुंबईकडं तो नाही, हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं.

त्या सकाळी विमान चांगलं सुटलं. थोड्या वेळात रेडिओचा धागा तुटला आणि ते ठरल्या वाटेवरून भलतीकडं गेलं. आम्ही जीप काढली. वाटेत लोकांना विचारत विचारत एका टोल्यावर पोचलो. टोल्याचं नाव लिहीत नाही, तिथल्या माणसांनी पुष्कळ सोसलं आहे. एका म्हाताऱ्यानं हात केला, "बोडीत पडलं ना जी, बोडीत." धावलो. छतरी पाण्यावर पसरली होती, चोख उघडलेली, एक दोरी गुंतलेली नाही. विमानाचं नाक चिखलात आणि शेपूट वर. काठावर लोक गोळा झाले होते आणि त्यांच्या मधोमध फुलाबाई बसली होती.

फुलाबाईला मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. ढिवरीण, वय माझ्याच आसपासचं, लुगडं चिखलानं भरलेलं, उजवा हात डाव्या हातानं धरलेला. वाकून शिंगाडे तोडत होती. पाण्यावर सावली आली म्हणून मान वर केली, तेवढ्यात विमानाची कड खांद्यावर बसली. छतरी होती म्हणून जीव वाचला. खांदा असा झाला होता की मला दुसऱ्यांदा पाहवेना. ती ओरडत नव्हती. मला म्हणाली, "भाऊ, हे काय पडलं माह्यावर?"

मी जीपकडं पळालो आणि वायरलेस उचलला. वायरलेसवर हिंदी बोलायचं आणि आधी जागा सांगायची, असा हुकूम होता, म्हणून आमच्या गोंदियाच्या हिंदीत म्हणालो, "साहब, बोडी मिल गयी. गाँव के पीछे."

 पलीकडून साहेबांचा आवाज आला, "बॉडी?"

"हाँ साहब, बोडी. उसी में है. लोग जमा हुए हैं. एक बाई को बहुत लगा है, अँब्युलन्स भेजो."

वायरलेसची खरखर चालू होती. किती पोचलं, किती गळलं, देव जाणे. पुन्हा साहेब बोलले ते अगदी हळू आणि स्पष्ट. किस-किस ने देखा, हा पहिला प्रश्न. मशीन की हालत क्या है, हा दुसरा. मग हुकूम, की ट्रक येतोय, तोवर कोणाला जवळ फिरकू देऊ नका, शेपटावरचा नंबर आणि निशाणी घासून काढा, लोकांना सांगा की हवामानवाल्यांचा फुगा आहे. मी पुन्हा अँब्युलन्स म्हणालो. त्यावर ते म्हणाले, "पहले मशीन. बॉडी का बाद में देखेंगे."

आता मी काय समजलो ते ऐका. मी समजलो, साहेब बोडीचं म्हणून राहिले. पाण्यात पेट्रोल सांडलं होतं, वेल चिरडले होते, तर त्या बोडीचं नुकसान नंतर पाहू असं म्हणून राहिले. मला क्षणभर बरंसुद्धा वाटलं. म्हटलं, चला, माणसाला इतकी तरी कणव आहे. फक्त बाईचं का बोलेनात, हे कळेना.

आमच्या मैदानावर उड्डाणाच्या वेळी अँब्युलन्स उभीच असायची, डॉक्टरसकट, इंजीन चालू ठेवून. तिथून टोल्यापर्यंत बरा रस्ता होता. मी रस्त्याकडं डोळे लावून बसलो. शेवटी धुरळा दिसला. आला तो ट्रक. ताडपत्री, दोरखंड, घासायचं मशीन आणि चार माणसं. मागं अँब्युलन्स नाही. ट्रकमधून निलेश उतरला. पुण्याकडचा तरुण शास्त्रज्ञ, भला पोरगा, ज्या पोरांनी भोवरा बनवला त्यांतला एक. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "उकेकाका, बॉडी कुठं ठेवलीय?"

मी समोर हात केला. म्हटलं, ही काय, ही बोडी.

तो पाण्याकडं पाहत राहिला. मग माझ्याकडं पाहिलं. मग बांधावर मटकन बसला आणि हसायला लागला. पोट धरून हसला, डोळ्यांतून पाणी आलं. भीती उतरल्यावर माणूस हसतो तसा. "कोणी मेलंच नाही का? काका, आम्हाला वाटलं कोणीतरी मेलं! तुम्ही बॉडी, बॉडी म्हणत होता!"

माझ्या डोक्यात तेव्हा उजेड पडला. तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे इकडं एक माणूस मेलं असं साहेबांना वाटलं होतं. आमच्या यंत्राखाली, गावची कोणी बाई. आणि तसं वाटल्यावर त्यांनी विचारलं काय, तर पाहिलं किती जणांनी. पाठवलं काय, तर नंबर घासायचं मशीन. मेलेल्याला अँब्युलन्स कशाला? बॉडी का बाद में देखेंगे. ते बोडीबद्दल नव्हतं.

मी निलेशला फुलाबाईकडं नेलं. त्याचं हसू गेलं. म्हटलं, हिला ट्रकमध्ये घे आणि सरळ दवाखान्यात चल. तो म्हणाला, काका, ऑर्डर मशीनची आहे. माझ्या हातात काही नाही. मला त्याच्यावर चिडायचंही सुचलं नाही. मी बिसेनला म्हटलं, जीप लाव. बिसेननं एक शब्द विचारला नाही, जो माणूस टायर बदलतानाही चार भाषांत कुरकुर करायचा. आम्ही फुलाबाईला मागच्या सीटवर आडवं केलं. खांदा हलू नये म्हणून मी माझ्याच छतरीची एक पट्टी कापून बांधली. सरकारी मालमत्ता होती ती. त्याबद्दल माझं काय करायचं ते करा म्हटलं. यंत्र तिथंच सोडून आम्ही गोंदियाला निघालो.

खांदा पुन्हा जागेवर आला नाही. हाड बसलं, पण हात छातीच्या वर जाईना तो कायमचा. डॉक्टरांनी जे जमलं ते केलं, त्यांच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

त्या रात्री मेसमध्ये काय हशा पिकला! बोडी आणि बॉडी. ज्यानं त्यानं आपलं मीठमसाला लावून सांगितलं. मोठे साहेबही हसले, माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, उके, तुमने तो जान निकाल दी. पुढं कुठं निरोपसमारंभ असला की कोणीतरी उठून तो किस्सा सांगायचाच. माझं नावच पडलं बोडीवाला. एकदा मी भर जेवणावळीत विचारलं, की साहेब, ते शब्दाचं ठीक आहे, इंग्रजीनं घोटाळा केला. पण बॉडी आहे असं समजल्यावर अँब्युलन्स का नाही सुटली?  मग कोणीतरी म्हणालं, उकेजी सेंटी हो गये. आणि भजी पुढं सरकवली.

मला मेमो मिळाला, गुप्त यंत्र बेवारस सोडून गेल्याबद्दल. चौकशी झाली. मी सगळं सांगितलं, न घाबरता सांगितलं, दवंडीचंही सांगितलं. शेवटी निष्कर्ष निघाला की विमान निर्जन भागात उतरलं, कोणाला इजा नाही. मी म्हटलं, निर्जन? तिथं मी माझ्या हातानं एका बाईला उचललं आहे! चौकशीचे अध्यक्ष म्हणाले, तुम्ही उचलली ती बाई पाय घसरून पडली होती. तुम्ही विमान पडताना पाहिलं होतं का? नव्हतं पाहिलं. मी तर रस्त्यावर होतो.  अशा हुशार माणसांपुढं आपण हात टेकतो.

आणि टोल्यात काय झालं ते याहून वाईट. ट्रकवाल्यांनी सगळ्यांना फुग्याचं सांगून ठेवलं. यंत्र ताडपत्रीत गुंडाळून नेलं, नंबर घासलेलं. ज्या चार-सहा लोकांनी पाहिलं होतं त्यांना दटावलं. मग लोक म्हणायला लागले, फुगा पडून खांदा कसा मोडेल? फुगा तर हलका. मोडला म्हणजे बाई आपणच पडली. आपणच पडली म्हणजे मोहाची पिऊन पाण्यात उतरली होती. झालं! जिनं जन्मात मोहाच्या दारूला हात लावला नाही, ती फुलाबाई दारुडी ठरली. दरवर्षी मी जायचो, ती शिंगाडे पुढं ठेवायची, उकडलेले, एका हातानं सोललेले. मी म्हणायचो, फुलाबाई, मला सगळं ठाऊक आहे. ती म्हणायची, "तुले ठाऊक असून काय फायदा गा? तू त इथं राहत नाहीस. मले रोज याच लोकांत राहा लागते." मी बाहेर तोंड उघडलं असतं तर तुरुंगात गेलो असतो, कायदाच तसा आहे. तिला हे कळत होतं, ती कधी मला टोचून बोलली नाही. पुढं तिच्या पोराचं लग्न झालं, घरात सून आली. सुनेलाही शेजारणींनी पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं. सासूनं ठेच लागून ग्लास पाडला तरी सून तिच्या तोंडाचा वास घ्यायची. हे मला फुलाबाईनं सांगितलं तेव्हा तिचा आवाज पहिल्यांदा फाटला. म्हणाली, "काऊन असं झालं भाऊ? पडलं ते माह्यावर पडलं, अन् झूठी बी मीच?"

 ते यंत्र पुढं नावारूपाला आलं. फौजेनं घेतलं, संचलनात गाडीवर बसून गेलं, पेपरात रंगीत फोटो छापून आले. मी निवृत्त झालो. आणि मग एक दिवस ऐकलं की जुनं झालेलं एक विमान आमच्याकडच्या एका शहराला भेट मिळालं असून ते चौकात उभं केलं आहे. पाहायला गेलो. चबुतऱ्यावर नारिंगी विमान, खाली गोल हौद, त्यात कारंजं. पोरं पाठ करून फोटो काढत होती. संगमरवरी पाटीवर सगळं लिहिलं होतं, लांबी, वेग, किती उंच जातं, कोणी बनवलं, कोणी उद्घाटन केलं. मी मनात म्हटलं, आता यात गुप्त उरलं काय? विमान उघडं, वेग उघडा, साहेब उघडे. गुप्त राहिली फक्त फुलाबाई.

पुढच्याच आठवड्यात टोल्यावर गेलो. म्हटलं, चल. सुनेलाही घे. सून नाखुशीनंच आली, बसमध्ये खिडकीबाहेर बघत राहिली. चौकात उतरलो. फुलाबाई हौदापाशी उभी राहिली. तिनं पदर सारखा केला आणि विमान या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. मग हौदातलं पाणी पाहिलं.

"इथं बी बोडीतच पडलं का?" तिनं विचारलं.

मी हसलो. त्या शब्दावर मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा हसलो. ती हौदाच्या कठड्यावर पाय देऊन पुढं झाली, डावा हात विमानाच्या कडेकडं नेला, त्याच कडेकडं. तेवढ्यात चौकीदार काठी घेऊन आला. तरुण मुलगा, हिंदी बोलणारा. म्हणाला, "माताजी, हाथ मत लगाओ. देश की चीज है."

फुलाबाई हात तसाच ठेवून त्याला म्हणाली, "यानं मले लावला, तवा त कोनी नाही म्हटलं."

त्याला ते कळलं नाही. त्यानं मला विचारलं, "क्या बोल रही है?"

बाजूला फोटो काढणारी पोरं थांबली होती. सून माझ्या मागं उभी होती. एकदा माझ्या एका शब्दानं या बाईचं मातेरं झालं होतं. या वेळी मी एकेक शब्द नीट, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असा बोललो. "बोल रही है कि यह मशीन इसके ऊपर गिरी थी. सच बोल रही है. वह फुगा-बिगा नहीं था और इसने पी नहीं थी. यही मशीन थी, इसका कंधा इसी ने तोड़ा. इसकी छतरी मैंने बाँधी थी."

चौकीदारानं फुलाबाईच्या उजव्या खांद्याकडं पाहिलं. काठी खाली घेतली आणि म्हणाला, "लगा लो, माताजी."

फुलाबाईनं नाही लावला. ती कठड्यावरून सावकाश उतरली, वळली आणि सुनेच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

"आयकलं?" तिनं विचारलं.

सून खाली बघत म्हणाली, "हव, माय."